पाणपोईची कमिटी

बकारामची तेरवी आटोपली, तशी शामकलेने सालेकशातल्या तीन मोठ्या माणसांना स्टेशनच्या कुंपणाशी, बापाच्या पाणपोईवर बोलावून घेतले. दर उन्हाळ्यात दुपारच्या गाडीला पाणी पाजायचे काम बकारामने एकट्याने केले होते. विहीर लांब, गाडी थांबायची घटकाभर. तिला एकटीला ते झेपणार नव्हते, आणि बंदही पडू द्यायचे नव्हते.

"पाळीपाळीनं एकेकानं उभं राहा, काका. गाडी थांबते तेवढंच."

"उभं तं राहूच, बेटी," मोहफुलांचे व्यापारी दुलीचंदशेठ मांडवाच्या सावलीत बसत म्हणाले, "पण पहले कमिटी पायजे. बिना कमिटीचं काम म्हणजे पोरखेळ."

केवलराम मालगुजार अध्यक्ष झाले; दुसरे कोणी झाले असते तर ते उठून गेले असते. शेठ रुसू नयेत म्हणून शेठ उपाध्यक्ष. उदाराम गुरुजी चिटणीस.

"मंग पानी कोन पाजन?" शामकलेने विचारले.

"साधे सभासद," गुरुजी म्हणाले.

"ते कोन?"



"ते नेमाले उपसमिती लागन," अध्यक्ष म्हणाले.

मग दुखवट्याचा ठराव आला. अध्यक्ष बोलले, घसा सुकला, त्यांनी रांजणात तांब्या बुडवला. शेठ त्यांच्याहून लांब बोलले आणि त्यांच्याहून जास्त प्याले. शेठ बकारामला 'दानशूर' म्हणाले, गुरुजी 'पुण्यात्मा' म्हणाले, आणि ठरावात कोणता शब्द ठेवायचा यावर असा वाद पेटला की तिघांचेही घसे पुन्हा कोरडे पडले. शामकला विहिरीवरून घागरी आणून ओतत राहिली. शेवटच्या घागरीच्या पाण्याने अध्यक्षांनी तोंड धुतले, पाय धुतले. बापासाठी धड रडायला तिला अजून सवड मिळाली नव्हती. आताही नव्हती, सिग्नल पडला होता.

"काका, गाडी आली! उठा ना!"

"सभा चालू हाय, बाई. मधातच कसं उठाव?"

गाडी थांबली. खिडक्याखिडक्यांतून लोटे बाहेर आले. शामकलेने रांजणात तांब्या घातला, तो तळाला खणकन लागला. रिकामा तांब्या हातात घेऊन ती डब्याशी गेली.

"काऊन वं बाई, पानी नाही?" खिडकीतल्या म्हातारीने ओठांवरून जीभ फिरवली. "मांगच्या साली तं एक बुढा मोठ्या मायेनं पाजत होता. औंदा काय झालं?"

शामकलेने मांडवाकडे पाहिले. तिथे आभाराचे भाषण सुरू झाले होते.

"औंदा कमिटी झाली, माय."