डोमाजीकाकांची डबल बेल

आमच्या लाखनीच्या गल्लीत कोणाची मासोळी कढईत जाईल आणि कोणाची मांजरीला, हे डोमाजीकाकांचं नाक ठरवतं. मासोळी घरी आली की पिशवीसकट आधी त्यांच्या ओट्यावर न्यायची. काका चष्मा काढतात, टोपी सरळ करतात, बोटाने कल्ला उघडून त्यात नाक घालतात आणि डोळे मिटतात. मग निकाल. "सिंगल!" म्हणाले की फेका. "डबल!" म्हणाले की कांदा चिरायला घ्या.

काका एसटीत कंडक्टर होते. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे, एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर उरलेलं जगही त्यांनी त्याच दोन घंट्यांत बसवलं. शेजारच्या नव्या सुनेच्या हातचा पहिला चहा त्यांनी एक घोट घेऊन "सिंगल" करून टाकला होता. ती सून मीच. तो राग मी अजून जपून ठेवला आहे.

पवनीच्या गाडीवर असताना आसगावजवळ मासे धरणारे ढिवर लोक तलावातली ताजी मासोळी दाखवून गाडी थांबवत. काका ती घेऊन सीटखाली ठेवत. कोणी नाक दाबलं तर म्हणत, "तिचं तिकीट फाडलं हाये. तुमचं दाखवा." घरी मंजुळाकाकूंचा मासोळीवर भारी जीव, पण साफ करायची म्हटलं की अंगावर काटा. म्हणून ते काम काकांनी घेतलं. काकू गेल्या, तेव्हा घरची मासोळी संपली आणि काकांनी गल्लीची साफ करायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

आता बाजारात मासोळी साफ करून मिळते. हे काकांपुढे बोलायची सोय नाही.

"थो पोट्टा खवले उडवते, पित्त फोडते. मंग भाजी कडू झाली त कोणाले बोलसान?"

काकांची रीत अशी: मासोळी निसटू नये म्हणून आधी चुलीची राख चोळायची. घरोघरी गॅस आला, राख कुठली? म्हणून काका आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापवतात. पाणी हे निमित्त, पीक राखेचं. मग पावशीवर, म्हणजे विळीवर, शेपटीकडून मुंडीकडे खवले. पोट अलगद चिरून पित्ताची थैली अख्खी बाहेर. मग हळद-मीठ, आणि पाणी निवळ येईस्तोवर धुणं. पितळेचा गडवा घेऊन धार धरायचं काम माझं, कारण घराला घर लागून.

"सूनबाई, धार बारीक! तलाव फोडून राहिली का?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्याकडे नागपूरचे जावई आले. जावई म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नवऱ्याने मोठा रोहू आणला. काकांनी नाक घातलं, डोळे मिटले. "डबल!" मला धार धरताना कसलासा वास आला होता. पण काकांच्या नाकापुढे आपलं नाक काय सांगायचं, म्हणून गप्प बसले.

कढईत पहिला तुकडा पडला आणि जावई अंगणात गेले. दुसरा पडला आणि ते रस्त्यावर गेले. रोहू पपईच्या झाडाखाली पुरला, घरभर फिनाईल ओतलं, अंडी उकडून त्यांचा रस्सा केला. नवरा भडकला होता. "आता काकाजीकडे नेणं बंद. गल्लीतही सांगतो सगळ्यांले."

मासोळी साफ झाली की काकांकडे वाटीभर रस्सा जातो. त्या दिवशी वाटी गेली नाही, म्हणून संध्याकाळी काकाच आले. मी तोंडात चार चांगले शब्द तयार ठेवले होते. काका दारात थांबले, फिनाईलचा दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "वा सूनबाई! काय रश्श्याचा वास सुटला!"

ते चार शब्द घेऊन मी तशीच स्वयंपाकघरात गेले. मी वाटी भरून आणली. काकांनी वाटीत पाहिलं. अंडं.

"मासोळी?"

"पपईखाली," मी म्हटलं. "काकाजी, नाक कधीपासून बंद हाये?"

काका पायरीवर बसले. "कोरोनातून उठलो तवापासून. डोळ्याईनच पास करून राहिलो. आज कल्ले लाल दिसले वं." मग आवाज उतरवून म्हणाले, "गल्लीत सांगू नोको. मासोळीच्या बहाण्यानं त येतेत लोकं. नाई त दिवस दिवस कोणी दार नाई वाजवत."

चहाचा राग त्या वेळी कामाला आलाच नाही. नवऱ्याला मी सांगितलं, की रोहू तासभर उन्हात मीच विसरले होते. त्याला लगेच पटलं. माझी चूक त्याला नेहमीच लवकर पटते.

पुढच्या रविवारी पलीकडचे लोक मरळ घेऊन आले. मी गडवा घेऊन काकांच्या आधी वाकले, वास घेतला आणि अंगठी गडव्यावर वाजवली. टण टण. काकांनी चष्मा काढला, टोपी सरळ केली, कल्ल्यात नाक घातलं आणि सावकाश डोळे मिटले.

"डबल!"

तेव्हापासून असंच चाललंय. एकदा गडवा खाली ठेवताना चुकून अंगठी लागली, तर काकांनी चांगली जिवंत मासोळी सिंगल केली. निकाल बदलत नाही म्हणाले. मांजरीने दुवा दिला असेल.

परवा दुपारी त्यांनी मला हाक मारली. मासोळी नव्हती. समोर पत्र्याची पेटी उघडी होती आणि मांडीवर काकूंचं हिरवं लुगडं.

"हे धुतलं नाई मी," काका म्हणाले. "रोज उघडून पायतो. मले काहीच नाई समजत. तू पाह्य ना, सूनबाई. तिचा वास हाये का अजून?"

त्यांनी चष्मा काढला, टोपी सरळ केली आणि डोळे मिटून बसले. मी लुगड्याच्या घडीत नाक घातलं. डांबरगोळ्यांचा वास होता. दुसरा कसलाच नाही. आणखी आत नाक घातलं, तरी नाही.

मी पेटीच्या पत्र्यावर अंगठी दोनदा वाजवली.

"डबल," काका हळूच म्हणाले, आणि वास उडून जाऊ नये म्हणून त्यांनी लुगडं आत ठेवून झाकण घाईघाईने लावून घेतलं.