वेर्नर हाक्काला यांनी बंबापासून घरापावेतो नळी नेली, त्या मोहिमेची हकीकत

मिशिगनचा वरचा मुलूख, जेथे सहा महिने बर्फाचा अंमल आणि उरलेले महिने डासांचा, तेथे ओटर तळ्याचे काठी राजमान्य राजश्री वेर्नर हाक्काला, जातीने फिन, म्हणजे वाडवडील फिनलंडचे, बोलणे मोजके, हयात सडक खात्यात बर्फ लोटण्याच्या गाडीवर गेलेली, यांनी स्वहस्ते नळी बांधून थंडीचा मोड केला. ते वर्तमान घडले तसे नमूद केले आहे. पदरचे काही घातले नाही.

मोहिमेचे कारण ऐसे की, वेर्नर साहेबांचे कुटुंब इर्माबाई मार्च महिन्यात देवाघरी गेल्या, आणि मग एप्रिलात साहेब लाकडांचा भारा घेऊन तळघराच्या जिन्यावरून घसरले आणि दोन बरगड्या जायबंदी जाहल्या. घराची सारी ऊब त्या तळघरातल्या शेगडीची. हे वृत्त ग्रीन बे शहरी कन्या मार्लीनबाई यांस कळले आणि फोनवरून फर्मान सुटले की, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडण्याआधी आम्ही जातीने येऊ, जिना न उतरता घर गरम होत असेल तर खुशाल राहावे, नाहीतर घरास कुलूप घालून आमचेकडे यावे.

साहेब म्हणाले, "बरं."

"बाबा, नुसतं बरं म्हणू नका. मी खरंच येणार आहे."

"बरं."

मग साहेबांनी एका मोडीत निघालेल्या शेतावरून बाहेरचा बंब पैदा केला. हा बंब म्हणजे पत्र्याच्या खोपटाएवढा. तो अंगणापलीकडे रानाच्या कडेस उभा करावा, त्यात लाकडे घालावी, आणि तापले पाणी जमिनीखालून एका नळीने घरात जावे व निवाले पाणी दुसरीने परत यावे, ऐसी मसलत. परंतु नळीस ऊबदार वेष्टण नसेल तर सारी उष्णता मातीच खाऊन टाकते. वेष्टणासह तयार नळीचा भाव दुकानी विचारला आणि तो आकडा ऐकताच साहेब टोपी डोक्यावर ठेवून परत आले. नळी घरीच बांधावयाची ठरली.

कुमकेस शेजारचे सरदार क्लिफ ट्रेवॅरो रुजू झाले. हे कॉर्निश, म्हणजे इंग्लंडातील कॉर्नवॉल प्रांतीच्या वंशाचे, तोंडाने अखंड तोफखाना. येताना मांसाच्या दोन पेस्ट्या, म्हणजे त्यांच्या मुलखाच्या मोठ्या भाजलेल्या करंज्या, घेऊन आले, आणि साहेबांनी आपलीवर टोमॅटोचे केचप ओतले, तेव्हा मोहीम तेथेच मोडते की काय असा प्रसंग गुदरला.

"अरे म्हाताऱ्या, माझी आजी थडग्यात कूस बदलत असेल!"

"तिलाही थोडं दे," साहेब म्हणाले.

खंदक नाकासमोर सरळ खणावा, असा क्लिफ यांचा आग्रह. सरळ रेषेत इर्माबाईंनी लावलेला, रुबार्ब नामे आंबट देठांच्या भाजीचा वाफा येत होता. साहेबांनी आखणीची खुंटी उपटली आणि वाफ्याला वळसा घालून पुन्हा ठोकली. क्लिफ यांनी एकवार वाफ्याकडे पाहिले आणि तोफखाना त्या दिवसापुरता बंद राहिला.

मग कमरेएवढा खंदक खणला, आणि फोमच्या तक्त्यांची लांब पेटी करून दोन्ही नळ्या एकमेकींस न शिवतील अशा आत निजविल्या, आणि सांधे चिकटपट्टीने बंद करून वरून जाड प्लास्टिक गुंडाळले, कारण वेष्टण भिजले की फुकट. येथवर फत्ते. परंतु वळणावर तक्ते वळेनात. तेव्हा तेथे फळ्यांचा साचा ठोकला आणि दोन डब्यांतले फोमचे रस एकत्र करून त्यात ओतले. हा फोम उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगतो आणि बघता बघता दगड होतो. तो फुगला, आणि नळ्या त्यावर तरंगून वर येऊ लागल्या.

"दाब! दाब तिला!" साहेब ओरडले. इतके मोठ्याने ते मार्चपासून बोलले नव्हते.

क्लिफ यांनी मागचापुढचा विचार न करता साच्यात उडी घेतली आणि नळ्यांवर पाय रोवला. नळ्या जागी बसल्या. फोमही बसला. आणि मग पाय निघेना.

"ओढ की रे!"

"ओढतोय. बुटातून निघ तू."

"नवीन बूट आहे, वेर्नर!"

शेवटी सरदार मोज्यानिशी बाहेर आले आणि डावा बूट रणी राहिला. त्यास आतून लोकरीचे अस्तर असल्याने वेष्टणात उणे येणार नाही, असा निवाडा होऊन खंदक बुजविण्यात आला.

बंब पेटला, आणि मग खरी कसोटी बर्फाची. नळी उष्णता गळत असेल तर वरचे बर्फ वितळून गवत उघडे पडते. क्लिफ यांनी भाकीत केले होते की, हिरवा पट्टा दिसेल, हरणे चरायला येतील आणि आपण स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच शिकार करू. रात्री बर्फ पडले, आणि सकाळी पाहतात तो अंगण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पांढरे. खंदक कोठून गेला हे सांगता येईना. साहेब पायरीवर बराच वेळ उभे राहिले.

त्याच दिवशी मार्लीनबाई, बाबांचे सामान भरून नेण्यासाठी, गाडीत रिकामी खोकी घालून दाखल झाल्या. आत येऊन कोटासकट खुर्चीवर बसल्या. मग कोट काढला, मग स्वेटर काढला, मग उठून एकेका खोलीत हिंडल्या, आणि मागल्या खोलीच्या दारात थबकल्या. इर्माबाई शेवटच्या हिवाळ्यात तेथे तीन गोधड्या घेऊन कुडकुडत होत्या. तेथेही आता भिंतीकडेच्या नळ्यांतून बंबाचे पाणी खेळत होते.

"इथेसुद्धा गरम झालं, बाबा."

"हो. एक वर्ष उशीर झाला," साहेब म्हणाले.

मग मार्लीनबाई बाहेर गेल्या, गाडीतली खोकी काढून पायाने चेपली, आणि बंबाचे दार उघडून एकामागून एक आत घातली. येणेप्रमाणे तह झाला. बाईंनी तो मुक्काम आईच्या खोलीत केला, आणि सकाळी साहेब कॉफी घेऊन गेले तेव्हा कन्या गाढ झोपेत, गोधडी अंगावरून ढकललेली, खाली जमिनीवर पडलेली. साहेबांनी ती उचलली नाही. ऐसी मोहीम फत्ते जाहली, म्हणून लिहून ठेविले आहे.