चिंतामणदादांचा आयोग

घणसोलीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट एकदा बावीस मिनिटे बंद पडली. आत आम्ही तिघे होतो. कुलकर्णीवहिनी रडवेल्या झाल्या होत्या, मी घड्याळ बघत होतो आणि चिंतामण म्हात्रे वहिनींना विचारत होते, "रावेरचं केळं कदी खाल्लंय का तुमी?"

"दादा, आधी बाहेर पडू या हो!"

"पडू. पन आयोगाशिवाय भागनार नाय."

हा आयोग म्हणजे त्यांचा नियोजित 'कोकण-खानदेश व्यापारवृद्धी आयोग'. इकडून सुका बोंबील, जवळा आणि मीठ तिकडे जाईल. तिकडून केळी आणि उडीद इकडे येतील. सरकारने फक्त आयोग नेमायचा. दादा मूळचे घणसोली गावचे. आयुष्यभर कळंबोलीत ट्रकांच्या फेऱ्या लावल्या, आता निवृत्त. पत्नी वारल्यापासून घरात एकटेच. सहा वर्षांत त्यांनी सरकारला एकतीस अर्ज केले. आकडा पक्का आहे, कारण सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून शुद्धलेखन मीच तपासतो. उत्तरे नऊ आली. नऊही वेळा अर्ज दुसऱ्या विभागाकडे पाठवल्याचे कळवले होते. दादा खूश. "फाइल फिरतेय म्हंजे जिती हाय!"

बत्तिसाव्या अर्जाला मात्र त्यांनी आयोगाची नियमावली जोडली. चौदा कलमे होती. मी मोजून पाहिले, व्यापारावर दोन आणि बाकी बारा सदस्यांच्या दौऱ्यावर.

"दादा, वर्षाच्या बाराही बैठका खानदेशात? एकही इकडे नाही?"

"हितं काय बघायचं?"

"आणि मुख्यालय रावेरजवळच्या या खेड्यात? जळगावला का नाही?"

"गाव चांगला हाय."

"सदस्याने स्थानिक घरीच जेवावे, हे कशाला? सरकारी विश्रामगृह असतं ना."

दादा खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "सुरेखाला त्या गावात दिलीय."

सुरेखा त्यांची एकुलती एक मुलगी. लग्नाला नऊ वर्षे झाली, मूल नाही. आणि मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीही घ्यायचे नाही, ही त्यांच्या घरची रीत. मरताना दादांच्या आईने त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता. नऊ वर्षांत ते दोनदाच गेले, तेही तासभर ओट्यावर बसून परतले.

"दुसऱ्या टायमाला ती तांब्या घेऊन आली. मी पिशवीतनं बाटली काढली. ती तशीच आत गेली. परत गेलो नाय मी." नियमावलीची पाने त्यांनी सारखी केली. "सरकारी कामाला गेलेला मानूस बाप नसतो ना, सेक्रेटरी? सदस्य असतो. सदस्याला पानी चालतं."

रविवारी व्यवस्थापक समितीची बैठक घेतली. सात मिनिटांत ठराव एकमताने मंजूर झाला : अठ्ठेचाळीस सदनिकांसाठी रावेरहून थेट केळी आणता येतील का, याच्या पाहणीसाठी एकसदस्यीय आयोग नेमावा; सदस्य : श्री. चिंतामण म्हात्रे.

दादांनी पत्र दोनदा वाचले. "ह्ये सरकारी नाय."

"सोसायटी सरकारकडे नोंदलेली आहे. वर क्रमांक बघा."

त्यांनी क्रमांकावर बोट फिरवले, मग शिक्क्यावर. "जेवनाचं कलम?"

"तिसरं. सदस्याने स्थानिक आतिथ्य नाकारू नये."

"नाकारू नये," दादा हळूच म्हणाले. "मंग काय, आपला इलाज नाय." त्याच आठवड्यात ते निघाले. सोबत सुक्या बोंबलांची दोन पुडकी होती, नमुना म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी सुरेखा. बाबा पोचले."

"बरं झालं. ओट्यावर बसलेत का?"

"नाही, आत. चुलीपाशी." मागून ताट सरकल्याचा आवाज आला. "काका, ठेवते हं. तिसरी भाकरी मागतायत."