नळीवाला जावई

अवघड विज्ञान सोपं करून सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! सहा वर्षं मी प्रयोगशाळेत एकाच कामामागे लागलोय: लघवीच्या नळीवर जंतूंना बस्तान बसवू द्यायचं नाही. त्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांना नेमकी तीच नळी लावलेली. दोन दिवस झाले तरी ते खाटेवरून उतरायला तयार नव्हते. मी बायकोला म्हटलं, "तू चहा पिऊन ये. अण्णांना मी धीर देतो!"

अण्णा चाळीस वर्षं प्लंबर. म्हणून मी त्यांच्याच भाषेत शिरलो.

"अण्णा, मोरीच्या पाइपात बुळबुळीत थर धरतो ना?"

"धरतो! तारेनं खरवडला तरी हलत नाही."

"जंतू या नळीतही तसंच करतात. चिकटतात, गोंद सोडतात आणि त्याच्याआड लपतात. मग औषधही पोचत नाही."

अण्णांचा चेहरा पडला. मी मात्र रंगात आलेलो! "पण आम्ही नळीला प्रतिपिंडं लावतो. जंतूंशी लढायला आपलं शरीर बनवतं, तीच. ती तो गोंदच पकडतात. थर जमेल कसा?"

"मग या नळीला लावलीत?"

"नाही हो. आमचं अजून काचेच्या बशीतच चाललंय."

अण्णांच्या आवाजानं वॉर्ड हादरला. "सिस्टर! ही साधी नळी काढा! जावईबापूंची आणा!"

"काय झालं?" शेजारच्या खाटेवरचे बस ड्रायव्हर दचकले.

"तुमचीपण नळी मोरीसारखी तुंबणार आहे!" अण्णांनी बजावलं.

"माझी?" ड्रायव्हरांचा आवाज हॉर्नसारखा गेला. पलीकडचे शिंपीकाका उठून बसले. "मलापण ती अस्तर लावलेलीच हवी!" बघता बघता सहाही खाटांवरून घंट्या वाजू लागल्या.

सिस्टर वाफ कोंडलेल्या कुकरसारख्या आल्या. "कोण तो नळीवाला जावई?"

सहा बोटं माझ्याकडे वळली. त्यातलं पहिलं सासऱ्यांचं!

पाठोपाठ डॉक्टरीणबाई. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमची नळी बाजारात कधी येईल?"

"सगळं नीट झालं तर... आठ-दहा वर्षांत."

"तोवर आमचा साधा उपाय. गरज संपली की नळी काढायची. अण्णा, वॉकर धरून संडासापर्यंत चालाल?"

"आत्ता चालतो!"

बायको परतली तेव्हा व्हरांड्यातून वरात निघालेली. पुढे अण्णा, मागे "साइड द्या, साइड!" करत ड्रायव्हर, त्यांच्यामागे शिंपीकाका. ती बघतच राहिली. "दोन दिवस पाय खाली टेकवत नव्हते! काय जादू केलीस रे?"

संध्याकाळपर्यंत सहापैकी चार नळ्या निघाल्या. अण्णा तर तीनदा उगाचच जाऊन आले. मीही खूश होतो. तेवढ्यात सिस्टर चक्क हसत आल्या.

"उद्या वरच्या मजल्यावर येता का? तिथंही कुणी उठायचं नाव घेत नाही."

मी कॉलर सारखी केली. "येतो की! प्रतिपिंडांची चित्रंच घेऊन येतो."

"छे छे, तुमचा शोध राहू द्या घरी," त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं घाबरवा!"