भीमाशंकररावांची बिनगिअरची स्वारी

भीमाशंकररावांनी मोटार घेतली ती सासुरवाडीच्या नाकावर टिच्चून मिरवायला. मेव्हण्याच्या लग्नाला ते एसटीनं गेले, तर कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. (धाकट्या साडूच्या जीपपुढं मात्र बँड वाजला!) सोलापूरला शुक्रवार पेठेत परतल्याबरोबर त्यांनी बायकोला बजावलं, "दाक्षायणी, पुढच्या खेपेला माझ्यासाठी अख्खं करकंब गाव वेशीवर आलं पाहिजे!"

म्हणून ही सेकंडहँड परदेशी गाडी. हिचे गिअर आपोआप पडायचे. म्हणजे पूर्वी पडायचे. हल्ली इंजिन नुसतं बोंब मारायचं आणि चाकं ढिम्म.

"मालक, गिअर घसरतंय की," बिरप्पा मिस्त्री म्हणाला. "मुंबईला धाडा. हितं हिच्या पोटात कुणी हात घालणार न्हाय."

"अरे, उद्या मेव्हणीचं लग्न आहे!"

"मग एसटीनं जावा."

एसटी! भीमाशंकररावांनी गिअरचं तेल भरून घेतलं, बॉनेटला विभूती लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेच. दाक्षायणीबाई मागं, कारण पुढची सीट आहेराच्या पातेल्यांनी अडवली होती.

करकंबपर्यंत गाडी गुमान आली. वेशीअलीकडच्या चढावर मात्र हटून बसली.

"उतरू या की. वेस तर समोर दिसतेय," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

"चालत जाऊ? मी? मेलो तरी नाही!"

त्यांनी रिव्हर्स टाकून पाहिला. लागला की हो! मग काय, बाजूच्या पडीक रानातून गाडी उलटीच गोल फिरवली, तिची पाठ गावाकडं केली आणि मान मुरगळेपर्यंत मागं बघत चढ चढले. गडी हट्टाचा!

गाडी वेशीत पोचली तोवर आवाजानं सारा मांडव धावत आला होता. बँडवालेसुद्धा! भीमाशंकररावांचा ऊर भरून आला. पुढं होते सासरे ईश्वरप्पा, हात जोडून.

"जावईबापू, आलात कवा आन् निघालात कवा? आमचं लक्षच न्हाय की वो! रागावू नका." त्यांनी खिडकीतून लाडवांचं पुडकं मांडीवर ठेवलं. "वाटेत खावा."

"अहो मामा, मी आत्ताच..."

नेमकं तेव्हाच इंजिन बंद पडलं.

"चालू होत न्हाय व्हय? अरं, ढकला रं पाव्हण्यांची गाडी!"

वीस जणांनी हात लावला. बँड वाजू लागला, त्यात भीमाशंकररावांचं ओरडणं कुणाला ऐकू जाणार? पातेली खणखणत गाडी सोलापूरच्या दिशेनं उताराला लागली.

दाक्षायणीबाई केव्हाच खाली उतरल्या होत्या. पदर सावरत त्या वडिलांना म्हणाल्या, "काळजी करू नका अप्पा. अक्षता पडायच्या आत येतील ते एसटीनं."