आनंद विचारणारे दानिएलकाका

दानिएलकाका मयतीच्या घरी जाऊनसुद्धा विचारायचे, "आनंद आहे ना?" देवळी गावात एकदा या प्रश्नापायी मार खाता खाता वाचले.

नालवाडीत ते आमचे शेजारी. एसटीतले रिटायर कंडक्टर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. रविवारी चर्चमध्ये उशिरा येणाऱ्यांवर ओरडायचे, "पुढे सरका, मधात जागा आहे!" गाण्यात त्यांचा सूर सगळ्यांच्या आधी सुटायचा आणि सगळ्यांच्या नंतर पोचायचा. पाद्रीसाहेब डोळे मिटून सहन करत.

माझे यजमान गेले, त्याच आठवड्यात काका दारात उभे. हातात अंबाडीची जुडी.

"पोरी, आनंद आहे ना?"

"नाई! दिसत नाई का तुम्हाले? जा इथून!" मी किंचाळले.

ते गेले नाहीत. ओसरीवर बसून भाजी निवडू लागले. मग रोज दुपारी येऊ लागले. मी बोलत नसे, धड जेवतही नसे. शेवटी एकदा चिडून विचारलं, "काऊन छळता लोकायले?"

त्यांचे हात थांबले.

"माही शेरॉन तापानं गेली. एकुलती एक पोरगी. मी चर्च सोडलं. घास उतरत नव्हता. एक दिवस विहिरीकडं निघालो. वाटेत मार्थाबाई भेटली, म्हातारी, गुडघे गेलेले. म्हणे, दानिएल, हात धर, मले चर्चले ने. नेलं. गाणं सुरू झालं आन् मी रडाले लागलो. रडता रडता गाऊन बी राह्यलो होतो. येशू मित्राच्या मयतीले रडला होता, पोरी. लहानपणापासून वाचलं होतं मी. त्या दिवशी वाटलं, तो माह्या बाजूले बसून रडून राह्यला. दुःख तेवढंच होतं, पण आतमधी आनंद झाला. घरी येऊन भाकर खाल्ली."

"मग दुसऱ्यायले काऊन विचारता?"

"लोकं 'हो' म्हणतात, मी पुढं जातो. कोणी चिडलं की समजते, इथं बसाचं आहे."

त्या दुपारी मी भाजी शिजवली. दोघं जेवलो. मीठ कमी पडलंय हे जिभेला कळलं, कितीतरी दिवसांनी.

हळूहळू मी सावरले. एकदा म्हटलं, "काका, आता बरी आहे मी. एवढ्या उन्हात रोज काऊन येता?"

ते उंबऱ्यावर घुटमळले.

"तुह्यासाठीच येतो असं थोडी आहे, पोरी. दुपारी माह्या घरात कोणी बोलत नाई."