पंचेचाळीस पौंडांचं धनुष्य

उपेंद्र महाबळ यांनी पारंपरिक पद्धतीने, म्हणजे धनुष्यबाणाने, शिकार करण्याचा निर्णय घेतला तेव्हा ते शाकाहारी होते. ही किरकोळ बाब सोडली तर निर्णय सर्व बाजूंनी विचार करून घेतलेला होता.

दुबईच्या देरा भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत ते कम्प्लायन्स मॅनेजर होते, म्हणजे इतरांनी काय करू नये हे सांगण्याचा त्यांना पगार मिळे. नव्या जनरल मॅनेजरने पहिल्याच मीटिंगमध्ये प्रत्येकाला छंद विचारला. कुणी सायकलिंग सांगितलं, कुणी वाळवंटातलं कॅम्पिंग. महाबळांनी वाचन सांगितलं. जनरल मॅनेजरने त्यांच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं आणि विषय बदलला. त्याच आठवड्यात महाबळांनी एका दाढीवाल्या गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. गृहस्थ कुठल्याशा जंगलात लाकडी धनुष्य घेऊन झाडामागे उभा होता आणि शेवटपर्यंत नुसता उभाच होता. हे आपल्याला जमेल असं महाबळांना वाटलं.

अमिरातीत रानातल्या जनावराला परवान्याशिवाय हात लावता येत नाही, हे कम्प्लायन्सच्या माणसाला ठाऊक असणारच. म्हणून त्यांनी शिकार 'दुसरा टप्पा' या सदरात टाकली. पहिला टप्पा सोपा होता: परवडणारं पहिलं रिकर्व्ह धनुष्य निवडणं. ज्याची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात आणि ज्याला चाकंबिकं नसतात, ते रिकर्व्ह. मुलगी काव्या म्हणाली, "बट डॅड, व्हॉट विल यू हंट?" हिला मराठी शाळेत घालायला हवं होतं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

त्यांनी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रश्न टाकला आणि संध्याकाळपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. इथे घेऊ नका, भारतातून मागवा. भारतातून मागवू नका, कस्टममध्ये अडकेल. एकाने दिरहमचे रुपये करून दाखवले आणि एवढ्यात गावी बैल येतो असं कळवलं. उत्तर देणाऱ्यांपैकी कुणीही धनुष्य हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळे मतांमध्ये ठामपणा होता. ऑफिसातले मित्र यूनुस पारकर यांनी मात्र, ग्रुपवर विचारण्यापेक्षा अल ऐनच्या धनुर्विद्या क्लबात जाऊन एकदा दोरी ओढून बघा, असं सुचवलं. पारकरांच्या स्वभावात उत्साहच नाही, असं महाबळांचं जुनं मत होतं. तरी शुक्रवारी दुपारी ते गेले. लांब गाडी चालवली की त्यांची पाठ धरते, म्हणून त्यांच्या पत्नी मनोरमाबाईंनी गाडी चालवली.

क्लबात नौशीन नावाच्या बाई शिकवत. त्या मूळच्या म्हसळ्याच्या, मराठी स्वच्छ बोलत. त्यांनी महाबळांना रिकामं धनुष्य ओढायला लावलं, खांद्याकडे पाहिलं आणि सांगितलं की पंचवीस पौंड ताणाचं घ्या. मधला दांडा लाकडी, वरची-खालची पाती सुटी होणारी. हात बसला की फक्त पाती बदलायची, दांडा तोच राहतो. स्वस्तात पडतं.

"पण शिकारीला चाळीसच्या वर लागतं," महाबळ म्हणाले.

"शिकार कुठे करणार?"

"तो दुसरा टप्पा आहे."

"मग जड पातीपण दुसऱ्या टप्प्यात घ्या," नौशीनबाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

महाबळांनी हा अहवाल ग्रुपवर ठेवला. ग्रुपला दुःख झालं. पंचवीस पौंड म्हणजे मुलांचं खेळणं, असं एका चार्टर्ड अकाउंटंटने स्पष्ट केलं. दुसऱ्याने गडकोटांचा इतिहास आठवून, आपल्याला पंचवीस शोभतं का, असा सवाल केला. शेवटी लोकशाही मार्गाने मतदान झालं आणि पंचेचाळीस पौंड प्रचंड बहुमताने निवडून आले. तसलं एक धनुष्य ऑनलाइन निम्म्या किमतीत होतं, कारण आधीच्या ग्राहकाने ते परत केलं होतं. त्याने ते का परत केलं असेल, हा प्रश्न परवडण्याच्या कक्षेत येत नव्हता.

धनुष्य घरी आलं आणि त्याला दोरी चढेना. महाबळांनी ते पायाखाली दाबून पाहिलं, मग सोफ्याखाली. शेवटी पारकर आणि शेजारचे दोन सद्गृहस्थ यांच्या संयुक्त प्रयत्नाने ती चढली. महाबळांनी श्वास रोखून वीतभर ओढली आणि त्याच क्षणी पारकरांनी फोटो काढला. वीतभरच ओढली आहे हे फोटोत कळत नव्हतं, चेहऱ्यावरची वेदना मात्र एकाग्रतेसारखी दिसत होती.

त्या फोटोवर मंडळाची 'पारंपरिक धनुर्धर शाखा' स्थापन झाली. धनुष्य असलेले एकमेव सभासद म्हणून महाबळ प्रमुख झाले. खंडेनवमीला क्लबाच्या मैदानावर शस्त्रपूजा आणि त्यानंतर फोमच्या हरणावर शिकारीचं प्रात्यक्षिक, असा कार्यक्रम ठरला. तेवढ्यात, नवरात्रात हरीण मारावं का, असा आक्षेप आला. उपसमिती बसली. फोम उपासाला चालतो, पण हरणाचे डोळे फार जिवंत आहेत, असा तिचा निष्कर्ष निघाला. म्हणून हरीण जरा तिरकं उभं करून त्याचं तोंड मागच्या भिंतीकडे करावं, असा ठराव झाला.

दरम्यान सरावासाठी दर शुक्रवारी अल ऐनची फेरी सुरू होती. महाबळ मैदानाच्या कडेला उभे राहून भावी सभासदांना वाऱ्याचा वेग आणि ताण यांवर मार्गदर्शन करत. मनोरमाबाई नुसत्या बसून कंटाळल्या, तेव्हा नौशीनबाईंनी त्यांच्या हाती क्लबाचं पंचवीस पौंडांचं धनुष्य दिलं. त्या मार्गदर्शनाच्या वेळात बाण मारत राहिल्या. महाबळांना वाटलं, बायकोचा वेळ बरा जातोय.

खंडेनवमीला सगळे आले, जनरल मॅनेजरसुद्धा आला. धनुष्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, भाषणं झाली. मग महाबळ रेषेवर उभे राहिले. मागे फिरणं शक्य नव्हतं. कधी नव्हे ते त्यांनी सगळं बळ एकवटून दोरी हनुवटीपर्यंत आणली. खांद्यातून ओल्या काटकीसारखा आवाज आला. बाण पायाशी पडला आणि महाबळ त्याच्या शेजारी बसले.

नौशीनबाई बर्फ घेऊन धावल्या. मनोरमाबाईंनी नवऱ्याचा हात नौशीनबाईंच्या ओढणीने गळ्यात बांधला, अँब्युलन्स नको, आपणच दुबईच्या हॉस्पिटलला जाऊ, असं सांगितलं. मग कार्यक्रम अपुरा राहू नये म्हणून शांतपणे रेषेवर गेल्या आणि क्लबाचं धनुष्य उचलून बाण सोडला. तो हरणाच्या खांद्यामागे, बरोबर जिथे लागायला हवा तिथे लागला. दुसराही तिथेच लागला.

टाळ्या थोड्या उशिरा पडल्या. मंडळाच्या अहवालात नोंद झाली की श्री. महाबळ यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली प्रात्यक्षिक यशस्वी झालं, आणि सौ. महाबळ यांनी साबुदाणा वड्यांची व्यवस्था चोख ठेवली. जनरल मॅनेजरने गळ्यातल्या हाताकडे आदराने पाहिलं आणि शिकारीत हे असं व्हायचंच, असं म्हटलं.

परतताना मनोरमाबाईच गाडी चालवत होत्या. वाळूच्या टेकड्या मागे पडत होत्या. महाबळांचा खांदा ठणकत होता आणि त्याहून आत कुठेतरी काहीतरी जास्त ठणकत होतं.

"पंचेचाळीस झेपणार नाही हे तुला कळत होतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

मनोरमाबाईंनी इंडिकेटर दिला, लेन बदलली. "तुम्ही ग्रुपवर विचारलंत. मी ग्रुपवर नाही."

महाबळांनी त्यावर विचार केला. शहर येईपर्यंत तो संपलाही. हॉस्पिटलच्या दारातच एका नव्या सभासदाचा फोन आला, आणि डाव्या हातात फोन धरून ते त्याला समजावू लागले, की पंचेचाळीसखाली जाऊ नका, मी अनुभवाने सांगतो.

शाखेची सभासदसंख्या आता वाढते आहे. धनुष्य लागत नाही, शिकारीचा तर प्रश्नच नाही. तुम्ही हे एवढं वाचलंत, एकही दोरी न ओढता पंचवीस बरं की पंचेचाळीस याबद्दल तुमचं मत झालं, आणि ते कुणाला तरी सांगावंसंही वाटू लागलं असेल. पात्रता एवढीच आहे. या, ग्रुपवर तुम्हाला घेतो.